पहिल्या पायरीच्या बाई

पत्रक, पान पहिलं:
भाषा शिकवणाऱ्यांना आज जगभर मागणी आहे.

हे वाक्य बाईंनी तीनदा लिहिलं आणि चारदा खोडलं. चौथ्यांदा खोडायला कागदावर काही उरलंच नव्हतं, पण हाताला चाळा हवा होता.

भाषाकेंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राला खेटून, एक टेबल होतं. त्यात चौघांची वाटणी. अकरा ते एक बाईंचं. खालचा खण मात्र दिवसभर त्यांचाच: पुठ्ठ्याचं घड्याळ, प्लास्टिकची केळी, तार तुटलेला टेलिफोन, वाळलेले मार्कर आणि एक जाड वही. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर इथे बालवाडी भरते असंच म्हटलं असतं. भरायची मोठी माणसं. दूरदेशाहून आलेली, मिशीवाली, पदवीवाली, आपापल्या भाषेत रुबाबदार आणि या भाषेत मुकी.

केंद्रात भाषेच्या सहा पायऱ्या होत्या. पहिली म्हणजे ज्यांना ओ की ठो कळत नाही त्यांची. कायम नोकरीतली माणसं पाचवी-सहावी घ्यायची, शोधनिबंध लिहायची, परिषदांना जायची. पहिली तासिका तत्त्वावरच्यांच्या गळ्यात. बाई चौदा वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. तास घेतला तर शिक्षिका, तास संपला की जिन्यातून जाणारी कोणीतरी बाई. दर सत्राला नवा करार, नवं ओळखपत्र, फोटो तोच.

आणि आता हे पत्रक.

"मॅडम, तुमचं लिहिणं सोपं असतं," केंद्रप्रमुख म्हणाले होते. "नव्या मुलांसाठी चार पानं करा. 'भाषाशिक्षण आणि उपयोजित भाषाविज्ञान: करिअरच्या संधी'. जरा उत्साही असू द्या."

केंद्रप्रमुखांना सगळे कलमसर म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक वाक्यात नियमाचं एखादं कलम असायचंच. लग्नात सुद्धा कलम चार-ब वाचून मग हार घातला म्हणे.

"कधीपर्यंत, सर?"

"गुरुवारपर्यंत. नाही, गुरुवारी तुमची मुलाखत. शुक्रवारी द्या."

म्हणजे संधींचं पत्रक लिहायचं आणि त्यातल्या एका संधीसमोर रांगेतही उभं राहायचं. नऊ वर्षांनी एक कायमची जागा निघाली होती. जाहिरातीत लिहिलं होतं: मुलाखतीच्या दिवशी वय पंचेचाळीस पूर्ण नसावं. बाईंना रविवारी पंचेचाळीस पूर्ण होत होती. गुरुवार ते रविवार, तीन दिवसांची फट. एवढ्या फटीतून चौदा वर्षं आत ढकलायची होती.

पत्रक, पान दुसरं:
खासगी क्षेत्रातही भाषातज्ज्ञांना उत्तम वाव आहे.

वाव होता. थोरल्या बहिणीने शोधून दिला होता.

"अगं, फोनवर भाषा शिकवणारी कंपनी आहे. लोक बोलतात, तू ऐकायचं आणि गुण द्यायचे. बसून काम. पंखा डोक्यावर. किती दिवस ती केळी घेऊन नाचणार आहेस?"

बाई गेल्या. कानाला यंत्र, समोर भिंत. आवाज एकामागून एक येत राहिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी दोनशे माणसं ऐकली आणि एकही पाहिलं नाही. मग उठल्या, कानातलं काढून टेबलावर नीट ठेवलं आणि जिन्याने खाली आल्या त्या परत वर गेल्याच नाहीत.

"काय झालं काय एवढं?" ताई कडाडली.

"तोंडं नव्हती, ताई."

"कसली तोंडं?"

हे समजावणं अवघड होतं. चौदा वर्षांत बाईंना एक गोष्ट कळली होती, आणि ती त्यांनी कुठल्याच निबंधात लिहिली नव्हती. ज्याला भाषा येत नाही, तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतो. जणू शब्द तिथून खाली पडणार आहेत आणि झेलायचे आहेत. मग एक दिवस, कधी सहाव्या आठवड्यात, कधी दहाव्या, नजर वर सरकते. ओठांवरून डोळ्यांवर. त्या दिवशी माणूस पहिली पायरी चढला. परीक्षा नंतर होते, ती नुसती कागदपत्रं.

कलमसरांना एकदा सांगून पाहिलं होतं. "छान," ते म्हणाले. "पुरावा आहे? निबंध लिहा ना." लिहायला टेबल लागतं. टेबल अकरा ते एक होतं आणि अकरा ते एक तास होता.

घरी बुधवारी सगळं बिघडलेलंच होतं. बाई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारातून स्वयंपाकघरापर्यंत जात होत्या. पायाला भिंगरी.

"जेवायला. या. ताटं. घ्या," त्या म्हणाल्या.

"आई," लेक म्हणाली, "मी पहिल्या पायरीची नाहीये. सलग बोल."

"सलगच बोलतेय."

"नाही बोलत. परवा दुकानदाराला 'साबण. एक. द्या.' म्हणालीस आणि हाताने अंग चोळून दाखवलंस. तो बिचारा घाबरला."

नवरा हसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सात इमारती त्याच्या ताब्यात. दिवसभर काळोख्या विहिरीत लोंबकळून आलेला माणूस, त्याला घरात उजेड दिसला तरी बरं वाटायचं.

"आमच्याकडे माणसं वर-खाली करतात," तो म्हणाला. "हिच्याकडे मात्र सगळी जन्मभर तळमजल्यावर."

"माझी वर जातात!" बाई एकदम भडकल्या. "सहाव्या पायरीवर जातात, डॉक्टर होतात, इथेच घरं घेतात. तळमजल्यावर मी आहे."

लेकीने मुकाट्याने ताटं घेतली.

"उद्या होईल," नवरा म्हणाला.

"नाही झालं तर रविवारनंतर विषयच संपला. जन्मभर तासावर."

"होईल म्हटलं ना."

त्या परत दारापर्यंत गेल्या.

पत्रक, पान तिसरं:
निवडप्रक्रिया पारदर्शक असते. त्यात नमुना पाठाला विशेष महत्त्व असतं.

गुरुवार. बाहेरच्या बाकावर आणखी एक उमेदवार. तिशीतला, चष्मा सारखा पुसणारा.

"तुमचे किती निबंध?" त्याने विचारलं.

"एकही नाही. तुमचे?"

"सात." मग ओशाळून, "पण मी अजून वर्गावर गेलेलो नाही. म्हणजे खऱ्या. नमुना पाठात काय करू, सुचत नाहीये."

"हात रिकामे ठेवू नका," बाई म्हणाल्या. "काहीतरी वस्तू धरा. माणसं आधी वस्तू बघतात, मग तुम्हाला."

त्याने खिसे चाचपून किल्ल्या काढल्या. बाईंनी पिशवीतलं एक केळं काढून त्याच्या हातात दिलं. "हे घ्या. किल्ल्या वाजतात."

तो आत गेला आणि अर्ध्या तासाने घामाघूम होऊन बाहेर आला. केळं परत देताना म्हणाला, "साल काढायला गेलो हो. प्लास्टिकचं आहे हे विसरलो."

मग बाई.

खोलीत लांब टेबलामागे चौघे. कलमसर. कुलसचिवांच्या कचेरीतल्या एक बाई, पेन उघडं धरून. दुसऱ्या विभागातले एक वयस्क प्राध्यापक, अर्धे झोपेत. आणि बाहेरचे तज्ज्ञ, परदेशातले, भाषाशिक्षणशास्त्रातलं मोठं नाव. आडवा देह, घट्ट टाय. त्यांना ही भाषा येत नव्हती. पद्धत जोखायला भाषा कशाला लागते, असं कलमसरांचं म्हणणं. ते तज्ज्ञांच्या कानाशी लागून तिसऱ्याच भाषेत सारांश पुटपुटत होते.

समोर खुर्च्यांवर सहा माणसं, नमुना पाठासाठी आणलेली. पहिल्या पायरीचे विद्यार्थी, कोरी पाटी.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या.

पहिल्या खुर्चीत नर्स होती. चार वर्षांपूर्वीची. आता सरकारी इस्पितळात, या भाषेत रोग्यांना झापते. तिच्या शेजारी वेल्डर, मग नातवंडांसाठी दूरदेश सोडून आलेले आजोबा, मागे आणखी तीन ओळखीचे चेहरे. सगळ्यांनी चेहरे असे कोरे करून ठेवले होते की जणू मेंदू दाराबाहेर चपलांत काढून आलेत.

त्याचं असं झालं होतं. कचेरीतल्या कारकुनाने 'बाहेरून आलेली सहा माणसं हवीत' म्हणून उपाहारगृहात चिठ्ठी लावली. नर्सच्या कानावर गेलं की मुलाखत आपल्या बाईंची आहे. तिने संध्याकाळी पाच जणांना गोळा केलं. आपण अडाणी होऊन जाऊ, बाई शिकवतील, आपण भराभरा शिकू, बाईंना जागा मिळेल! वेल्डरच्या घरी तालीमही झाली. कोणी कधी कुठली चूक करायची, कितव्या मिनिटाला सुधारायची, सगळं वाटून घेतलं. चुका त्यांनी स्वतःच्याच जुन्या आठवून काढल्या होत्या. आठवायला कठीण नव्हत्या. बाई दर शनिवारी आठवड्यातली सगळ्यात सुंदर चूक त्या जाड वहीत लिहायच्या आणि करणाऱ्यासाठी वर्गाला टाळ्या वाजवायला लावायच्या.

कलमसरांनी एक कागद सरकवला. "सही करा, मॅडम. कलम सहा. समोरचे विद्यार्थी उमेदवाराच्या परिचयाचे नाहीत."

पेन हातात आलं. आजोबांनी हळूच डोळा मारला.

करावी का सही? चौदा वर्षं. तीन दिवस. एक सही. समोरची सहा माणसं पाठ इतका सुंदर वठवतील की तज्ज्ञ खुर्चीतून उठतील. कोणाला कळणार आहे? सात निबंधवाल्याला प्लास्टिकचं केळं सोलता येत नाही, आणि आपण...

त्यांनी वर पाहिलं. सहाच्या सहा माणसं बाईंच्या डोळ्यांत बघत होती. प्रेमाने, भाबडेपणाने, थेट डोळ्यांत. ओठांकडे एकजणही नाही.

यांना शिकवायचं काय? आड आधीच तुडुंब, त्यात ओतायचं कुठे?

"सर, हे माझ्या ओळखीचे आहेत," बाई म्हणाल्या. "सगळे."

नर्सने कपाळावर हात मारला. "बाई, काय हे!" ती अस्खलित म्हणाली. "एवढी तालीम केली आम्ही!"

प्राध्यापक जागे झाले. कुलसचिवांच्या कचेरीतल्या बाईंनी पेन मिटलं. कलमसरांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे पाठ बाद. दुसरे विद्यार्थी आता कुठून आणू? साहेबांचं विमान संध्याकाळी आहे. पाठ नाही तर वीस गुण शून्य. मॅडम, तुम्ही स्वतःच्या पायावर..."

कुठून आणू, कुठून आणू. बाईंची नजर खोलीभर धावत होती. दार, फळा, पाण्याचा जग, टेबल. टेबलामागे तज्ज्ञ पुढे झुकलेले. काहीतरी घडतंय एवढंच त्यांना कळत होतं. कलमसर सारांश सांगायचं विसरले होते. तज्ज्ञ कधी नर्सकडे, कधी कलमसरांकडे, जो बोलेल त्याच्याकडे बघत होते.

ओठांकडे.

"आहे की एक," बाई म्हणाल्या. "ज्याला येत नाही आणि जो मला ओळखत नाही."

"कोण?"

बाई टेबलाला वळसा घालून गेल्याच होत्या. त्यांनी तज्ज्ञांसमोरचा पाण्याचा पेला उचलला.

"पाणी," त्या म्हणाल्या.

तज्ज्ञांनी हात पुढे केला. बाईंनी पेला मागे घेतला.

"पा-णी."

कलमसर कानाशी लागले, तशी बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते खुर्चीत मागे सरकले. पहिल्या पायरीच्या वर्गात कुजबुज चालत नाही.

"पानी," तज्ज्ञ म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल. बाईंनी दुरुस्त केलं नाही. "हो! पाणी! द्या?" त्या स्वतःशी बोलल्यासारखं करून, हात पसरून: "पाणी द्या." मग त्यांच्याकडे बोट. जगातल्या शंभर परिषदांत बोललेला माणूस म्हणाला, "पाणी... द्या." आणि पेला मिळाल्यावर तो सगळा गटागट प्यायला, तहान नसताना.

मग हो आणि नाही. मग इथे आणि तिथे. मग मी आणि तुम्ही. बाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं, दाराशी नेलं. दार उघडं, दार बंद. त्यांना बाहेर उभं करून दार लावलं. बाहेर बाकावर सात निबंधवाला अजून बसला होता. निवड समितीच्या तज्ज्ञाला खोलीबाहेर काढलेलं बघून तो उठून उभा राहिला.

बाईंनी दार उघडलं. "तुम्ही येता का?"

तज्ज्ञ काही क्षण त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "मी येतो. इथे."

मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. आजोबा तर उभेच राहिले. टाळ्या थांबेपर्यंत बाईंच्या लक्षातच नव्हतं की ही मुलाखत आहे.

कलमसर घसा साफ करून म्हणाले, "पाठ ग्राह्य धरू. पण कलम आठ. जो सदस्य विद्यार्थी झाला, त्याला या उमेदवाराला गुण देता येणार नाहीत."

तज्ज्ञांनी हे काय चाललंय अशा अर्थी सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच सांगेना. शेवटी ते आपल्या खुर्चीत बसले आणि कलमसरांना म्हणाले, "पाणी द्या."

निकाल सोमवारी लागला. सात निबंधवाला पहिला. बाई दुसऱ्या. मधला रविवार येऊन गेला होता. लेकीने मेणबत्त्या मुद्दाम चव्वेचाळीसच लावल्या होत्या.

नर्स इस्पितळाच्या कपड्यांतच धावत आली. तिला रडू आवरेना. "गाढव आहोत आम्ही, बाई. तुमचं वाटोळं केलं."

बाईंनी खालच्या खणातून जाड वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: सहा जण भाषा येत नाही असं दाखवायला आले. मग एकट्यांनीच, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पत्रक शुक्रवारी द्यायचं होतं, ते अजून दिलं नव्हतं. चौथं पान कोरं होतं. कलमसरांनी दोनदा आठवण केली. बाई तास घेत होत्या, जिने चढत होत्या, उतरत होत्या. ताईचा फोन येत होता: ती कंपनी अजून माणसं घेतेय. एकदा तर त्या कंपनीच्या दारापर्यंत जाऊनही आल्या. लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, आणि त्या बाहेरच.

तिसऱ्या आठवड्यात टेबलावर पाकीट होतं. आत छापील पत्र, तिसऱ्या भाषेत. दूरच्या एका विद्यापीठात, जिथे ही भाषा शिकायला आता कुठे सुरुवात होत होती, दोन वर्षांची जागा: पहिली पायरी शिकवायची, आणि पहिली पायरी शिकवणारे घडवायचे. वयाची अट नाही. पंधरा तारखेपर्यंत कळवावं. त्याला टाचणीने जोडलेला एक कागद. त्यावर मोठी, वाकडी अक्षरं, कुठून तरी बघून बघून काढलेली:

मी इथे. तुम्ही तिथे. इथे दार उघडं. इथे पाणी हो. तुम्ही येता का?

बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं. लाल पेन हातात होतं. त्याचं टोपण काढलं, परत लावलं.

"दोन वर्षं?" नवरा म्हणाला. हातातला पाना त्याने खाली ठेवला नाही. "आणि आम्ही?"

"तेच म्हणतेय मी."

"माझ्या सात इमारती इथे आहेत."

"माहीत आहे."

"बाबा," लेक म्हणाली, "आईला घरात किती खेपा घालाव्या लागतात बघितल्यात का? एवढ्यात ती तिथे चालत पोचली असती."

तो हसला नाही. म्हणाला, "लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतून काय ओरडतो ठाऊक आहे? किती वेळ लागेल. आपण सांगायचं, पाच मिनिटं. मग तासभर लागला तरी तो धरून राहतो." पाना उलटसुलट केला. "दोन वर्षं म्हणजे दोनच ना?"

"दोनच."

"मला पाच मिनिटं सांग."

बाई कागद घेऊन बसल्या. चौदा तारीख होती. बसल्या, उठल्या, परत बसल्या.

"सविस्तर लिही," नवरा खांद्यावरून डोकावत म्हणाला. "लेकीचं बारावीचं वर्ष, तुझ्या आईचा गुडघा, इथला करार. विचार करायला महिनाभर मागून घे. आधी एकटी जाऊन ये, बघून ये, असंही लिही."

"त्याला हे शब्द येत नाहीत."

"मग तिसऱ्या भाषेत लिही."

"त्याने या भाषेत विचारलंय," बाई म्हणाल्या. "विद्यार्थी ज्या भाषेत विचारतो, तिच्यातच उत्तर द्यायचं. आणि जेवढं शिकवलंय तेवढ्यातच."

शिकवलं होतं काय? पाणी, द्या, हो, नाही, इथे, तिथे, मी, तुम्ही, दार उघडं, दार बंद, येता, येतो. पंधरा मिनिटांचा पाठ. त्यात गुडघा नव्हता, करार नव्हता, 'पण' नव्हता, 'जर' नव्हता, 'नंतर' नव्हता. 'नाही' मात्र होता. नीट शिकवला होता.

बाईंनी पेन उचललं. लेक आणि नवरा, दोघंही त्यांच्या हाताकडे बघत होते.

हो, त्यांनी लिहिलं. मी येते. पाणी द्या.